शेजारच्या सीटवर कोण बसतं

मोहरीच्या रंगाची चार्जर, बहात्तर सालची.
टॉन्सलीच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा
मी दीड वर्षाची होते
आणि ॲल्विनला, माझ्या बापाला,
दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसायचं.

आता ती मागून बसलीये.
पाटे सपाट, उलटेच वाकायला आलेले.
वळणावर अंग टाकते,
लग्नात जरा जास्त झालेल्या काकासारखी.
पुढचा बंपर दाबून सोडा आणि मोजा:
एक, दोन, तीन, साडेतीन...
तेवढ्यात कोणी हाक मारली तर
परत येईस्तोवर ती हलतच असेल.

चुलतभाऊ म्हणाला, चार इंच खाली घे, रेलीन.
त्याची स्वतःची गाडी
बेकरीच्या उतारावर अडकते दर शनिवारी.

पोर्ट पिरीत, भट्टीच्या चिमणीखाली
लेफ्टेरिसचं गॅरेज.
त्याने काउंटरवर जुनं फडकं अंथरलं
आणि सराफासारखा एकेक नग मांडला.
शर्यतीच्या जाडीचे टॉर्शन बार,
पॉलियुरेथेनचे लालबुंद बुश,
बटण फिरवलं की मऊचे कडक होणारे शॉक.
त्यांची किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

"शर्यतीत पळवणार?"
"छे. रविवारी क्रिस्टल ब्रुकपर्यंत. जाऊन येऊन."
"मग शेजारच्या सीटवर कोण बसतं?"

गाडीबद्दल इतक्या जणांनी इतकं सांगितलं,
हे कोणीच विचारलं नव्हतं.

बाप बसतो.
डाव्या खुब्यात धातूचा नवा सांधा,
नजरेच्या मधोमध राखाडी डाग,
कडेकडेने उरलंय तेवढं जग.
पण रविवारी तो मला वाट सांगतो:
आता रूळ.
आता पुलाचा जोड.
हे हॅनिगनचं फाटक, इथे ठिगळ मारलंय डांबराचं.
कसं कळतं विचारलं तर म्हणतो,
"बुडाला कळतं."

म्हणजे बघा पंचाईत.
फार कडक केली तर
एकेक खडा जाऊन खुब्यात बसणार.
फार मऊ केली तर
मीच काढून घेणार
त्याचे उरलेसुरले डोळे.

लेफ्टेरिस बराच वेळ हात पुसत राहिला.
मग लाल बुश पिशवीत परत गेले.
"रबर घे," म्हणाला,
"थोडं स्वतः खातं, थोडं पोचवतं."
टॉर्शन बार एकच माप जाड.
पुढे भक्कम स्वे बार, अंग टाकण्यावर इलाज तो.
पाटे उतरवून पुन्हा वाकवले,
एक जास्तीचा पाटा घातला,
शॉक बिनबटणाचे, साधे, गॅसचे.
उंची दोन बोटं कमी, तीही माझ्या हौशीखातर.
बिल झालं तेव्हा कळलं,
सगळ्यात महाग वस्तू घेतलीच नव्हती,
तरी पाकीट रिकामंच.

पहिला रविवार.
गाडी वळणात शिरली आणि सरळ बाहेर आली,
जणू काही झालंच नाही.
बाप गप्प.
रूळ आले. ठक, ठक. संपलं.
तो काही बोलला नाही.
माझे तळवे स्टिअरिंगवर ओले.
घालवलं आपण, वाटलं,
पैसे मोजून घालवलं.

रूळ आणि पुलाच्या मधे,
जिथे कधीच काही नसायचं,
त्याने हात वर केला.
"इथे काहीतरी आहे."

आरशात पाहिलं.
डांबराखाली आडवी शिवण,
कधीकाळी पाण्याचा पाइप टाकून बुजवलेली,
ऊन लागून पांढरी पडलेली.
इतकी वर्षं
रुळांचा हेलकावा आम्हाला तिच्यावरून
झुलत झुलत पलीकडे नेत होता.

"नवीन केलंय का?"
"नाही, जुनंच आहे."

तो खिडकीकडे तोंड करून बसला,
खिडकीत त्याला काही दिसत नाही तरी.
मग म्हणाला,
"वळव. परत एकदा जाऊ दे त्यावरून.
आणि जरा हळू."